गाईच्या कानातला आकडा

जुन्नरहून नाणेघाटाला गेले, की घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेले एक लेणे लागते. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा तो हिशेब आहे. एका ठिकाणी १,७०० गाई, दुसऱ्या ठिकाणी १०,००१ गाई, आणखी एका ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, पुढे २४,४०० कार्षापण. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या लेखातल्या अंकचिन्हांचा अभ्यास केला आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांना जागा मिळाली. म्हणजे या मुलखात आकडा दगडावर उमटला तेव्हा तो गाईंचाही होता. त्या गाई कोणाच्या गोठ्यातून आल्या, हे मात्र लेखात नाही. आज त्याच जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात गोठ्यातल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो आणि त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाइलमधल्या ॲपला, ते ॲप मालकाच्या आधारला, आधार बँक खात्याला आणि बँक खाते दुधाच्या बिलाला जोडलेले आहे. गाय मोजली जाण्याचे हे नवे रूप इथवर कसे आले आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडले, हे पाहण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे, की या खोऱ्यातल्या दुधाची कारखानदारी मोजमापाच्या बळावर उभी राहिली. प्रत्येक टप्प्यावर मोजमाप गोठ्याच्या अधिक जवळ सरकत गेले. पण मोजलेला आकडा उत्पादकाच्या हाती तितक्या वेगाने आला नाही, आणि दुधाच्या दराचे निम्मे भांडण त्या अंतराचे आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम भाग डोंगरी आणि भरपूर पावसाचा, पूर्व भाग मात्र एकेकाळी ज्वारी-बाजरीचा आणि कडब्यावर गुरे पोसणारा. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. त्यांचे बरेचसे पाणी कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते आणि त्यावरून होणारे वाद आजही मिटलेले नाहीत. तरी नदीकाठच्या गावांना उपसा सिंचन मिळाले. त्यावर ऊस आला, द्राक्षे आली, टोमॅटो आला, आणि बांधावर हत्ती गवत आणि मका आला. हिरवा चारा बारमाही झाला, की दूध बारमाही होते. दुसरे कारण मुंबईचे. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, शहरातले म्हशींचे तबेले बाहेर काढण्याचे काम सुरू झाले आणि शासकीय दूध योजनेने ग्रामीण भागातून दूध गोळा करायला घेतले. १९७० च्या ऑपरेशन फ्लडने मुंबईसारखी महानगरे गावोगावच्या दुधाशी बांधली. तिसरे कारण गाईंच्या जातीचे. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ मध्ये स्थापलेल्या बाएफसारख्या संस्थांनी आणि सरकारी दवाखान्यांनी कृत्रिम रेतन दारापर्यंत नेले, आणि दोन-तीन लिटर देणाऱ्या गावठी गाईच्या जागी होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित कालवडी उभ्या राहिल्या. या तिसऱ्या कारणाने मोजमापाचे स्वरूपच पालटले. म्हशीचे दूध फॅटवर विकले जाते. ते दाट असते आणि फॅट सहा-सातच्या आसपास लागते. होल्स्टीन (एचएफ) गाय दूध भरपूर देते, पण ते पातळ. अशा दुधाला नुसत्या फॅटवर भाव दिला तर गाईवाला बुडतो. म्हणून फॅटखेरीज उरणारे घन पदार्थ, म्हणजे एसएनएफ, मोजणे भाग पडले आणि दुधाला दोन आकडे चिकटले.

त्या काळातले संकलन केंद्र डोळ्यांपुढे आणले तर मोजमाप किती कष्टाचे होते ते कळते. पहाटे कॅन घेऊन माणसे रांगेत उभी. सोसायटीचा सचिव मापाने दूध मोजणार, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री पाहणार आणि एका छोट्या बाटलीत नमुना काढून ठेवणार. फॅट काढायची ती गर्बर पद्धतीने, जी स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बरने १८९१ च्या सुमारास बसवली होती. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर पिपेटने अलगद सोडलेले १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. रबरी बूच लावून नळी हलवली, की आम्लाने दूध करपून तपकिरी होते आणि काच हाताला चटका देण्याइतकी तापते. मग ती नळी सेंट्रिफ्यूजच्या चाकात घालून फिरवायची, गरम पाण्यात धरायची आणि मानेवरच्या रेघांत पिवळसर फॅटचा खांब किती चढला ते वाचायचे. पद्धत उत्तम, आजही प्रयोगशाळेत प्रमाण म्हणून तीच धरली जाते. पण शंभर-दीडशे सभासदांच्या नळ्या रोज दोनदा फिरवणे शक्य नव्हते. म्हणून नमुने अधूनमधून तपासले जात आणि बऱ्याच ठिकाणी सरासरीवर काम भागे. चांगले दूध घालणारा आणि पाणी घालणारा, दोघांचे दूध एकाच कॅनमध्ये ओतले जाई आणि कॅन तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर नासका निघाला, तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला येई. वहीतल्या हस्ताक्षराखेरीज दुसरा पुरावा नसे.

इथे उसाशी तुलना करून पाहावी, कारण दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत, जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर. शेतकऱ्याचा ऊस वर्षातून एकदा वजनकाट्यावर चढतो. त्याच्या उसात साखर किती होती हे कोणी वेगळे मोजत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा कायदेशीर किमान दर, ठरते ती सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. काळजीने वाढवलेला ऊस आणि दुर्लक्षित ऊस यांना टनाला एकच दर. दुधाने ही रीत मोडली. या खोऱ्यातला हा पहिला मोठा धंदा, ज्यात एका कुटुंबाच्या मालाची प्रत दिवसातून दोनदा, वेगळी, त्याच्या नावावर नोंदली जाऊ लागली. अल्पभूधारकासाठी ही मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय यंत्राला दिलेच पाहिजे. पण ती घडून यायला आधी बाजाराचा एक धक्का लागला.

संकरित गाईंमुळे ऐंशीच्या दशकाअखेर महाराष्ट्रात दूध मागणीपेक्षा पुढे गेले. पावसाळा-हिवाळ्याच्या भरात शासकीय आणि सहकारी यंत्रणेला ते पेलेना आणि ‘दूध सुट्टी’ जाहीर होऊ लागली, म्हणजे त्या दिवशी दूध घेतले जाणार नाही. गाय सुट्टी घेत नाही. धार काढावीच लागते, नाहीतर कास दगडासारखी होते. काढलेले दूध मग ओतून द्यायचे किंवा मिळेल त्या भावाने खव्याला घालायचे. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी दुग्धव्यवसाय परवान्यातून मोकळा केला आणि जून १९९२ मध्ये दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश निघून मोठ्या प्रकल्पांसाठी नोंदणीची चौकट आली. त्याच वर्षी मंचरमध्ये देवेंद्र शहा यांनी पराग मिल्क या कंपनीची स्थापना केली. सुट्टीच्या दिवशी पडून राहणारे दूध घेऊन त्याचे टिकाऊ पदार्थ करायचे, हा तिचा पाया. पुढे गोवर्धन नावाने तूप आणि इतर पदार्थ देशभर गेले. २००८ मध्ये मंचरला दिवसाला ४० टन क्षमतेचा चीजचा प्रकल्प सुरू झाला. मे २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. एका तालुक्याच्या बाजारगावातून एवढी मजल मारणारी उदाहरणे महाराष्ट्रात थोडी आहेत.

पिशवीतले दूध विकणारी डेअरी लिटर विकते. चीज, पावडर आणि तूप करणारी डेअरी घन पदार्थ विकते, आणि हा फरक या इतिहासाच्या मुळाशी आहे. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागते. ते नऊ लागेल की अकरा, हे दुधातल्या फॅट आणि प्रथिनावर ठरते. लाखो लिटरच्या व्यवहारात एसएनएफचा दशांश पॉइंट म्हणजे टनांनी माल. शिवाय चीजला जिवाणूंचा भार कमी लागतो, दुधात प्रतिजैविकाचा अंश चालत नाही, कारण विरजणच मरते. एखाद्या गोठ्यात दगडी, म्हणजे कासदाह, झालेल्या गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल आणि तिचे दूध टँकरमध्ये आले, तर सगळा हौद बिघडू शकतो. म्हणून कारखान्याला आपल्या भिंतीबाहेर डोकावणे भाग पडले. आधी गावात बल्क कूलर आला. ३५-३७ अंशांवर कासेतून निघालेले दूध गावातच ४ अंशांपर्यंत थंड होऊ लागले. मग गर्बरच्या नळ्यांच्या जागी ध्वनिलहरींवर चालणारे दूध विश्लेषक यंत्र आले, ज्याला गावोगाव ‘मिल्कोमीटर’ म्हणतात. नळी नमुन्यात बुडवली, की मिनिटाच्या आत फॅट, एसएनएफ आणि पाण्याचे प्रमाण पडद्यावर. शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा, त्याला जोडलेला संगणक, त्याला जोडलेले छपाईयंत्र. गुजरातेत आणंदच्या सोसायट्यांनी ही जोडणी आधीच रुळवली होती. महाराष्ट्रात ती नव्वदच्या दशकानंतर पसरली. सभासदाच्या हातात छापील चिठ्ठी आली आणि नंतर तीच चिठ्ठी मोबाइलवर संदेश म्हणून येऊ लागली.

कारखान्याच्या आत काय बदलले, त्याचेही एक दृश्य पाहण्यासारखे आहे. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून त्याचे पाश्चरीकरण करतात. तापमान जरा उतरले, तर नळीतली एक झडप आपोआप वळते आणि ते दूध पुढे न जाता पुन्हा तापायला मागे येते. हिला दूध परतवणारी झडप म्हणता येईल. पूर्वी तिच्याशेजारी गोल कागदावर शाईची लेखणी दिवसभर तापमानाची रेघ ओढत असे आणि पाळी संपली, की तो कागद सही करून फाइलला लागे. आता तीच नोंद पडद्यावर येते आणि टँकर कोणत्या मार्गावरचा, कोणत्या टाकीत उतरला, त्यातून कोणत्या वेळेचा माल बाहेर पडला, हे सगळे एका साखळीत वाचता येते. एखाद्या पाकिटाबद्दल तक्रार आली, तर उलट दिशेने त्या दिवसाच्या टाकीपर्यंत आणि टँकरपर्यंत पोचता येते. चीज गाळल्यावर उरणारे पाणी, म्हणजे मठ्ठ्यासारखे दिसणारे व्हे, एकेकाळी डोकेदुखी होते. गाळण्याचे पडदे आणि मोजमाप नेमके झाल्यावर त्यातले प्रथिन वेगळे काढून विकले जाऊ लागले.

मोजमापाची ही साखळी थेट कासेपर्यंत गेली ती भाग्यलक्ष्मी डेअरी फार्ममध्ये. २००५ मध्ये मंचरजवळ सुरू झालेला हा गोठा परागशी संलग्न. गाई होल्स्टीन, संख्या पुढे दोन हजारांवर गेली. धार काढण्यासाठी फिरता चौथरा. एका वेळी पन्नास गाई त्यावर उभ्या राहतात, चौथरा सावकाश फिरतो, एक फेरी होईपर्यंत यंत्र धार काढून सुटते आणि गाय आपोआप मागे उतरते. प्रत्येक गाईला इलेक्ट्रॉनिक ओळखखूण असल्याने तिने आज किती दूध दिले ते तिच्या नावावर पडते. दूध एकदम घटले, तर ती आजारी आहे की माजावर आहे की चाऱ्यात काही बिघडले, हे तपासायला माणूस जातो. पूर्वी हे काम गोठ्यातल्या अनुभवी बाईची नजर करत असे. ती गाईच्या चालण्यावरून, रवंथावरून, डोळ्यांवरून ओळखायची. पाच गाईंच्या गोठ्यात ती नजर कोणत्याही यंत्राच्या तोडीस तोड आहे. दोन हजार गाईंवर ती पोचत नाही, तिथे आकडा लागतो. २०११ पासून या फार्मचे दूध ‘प्राइड ऑफ काउज’ नावाने थेट घरपोच जाऊ लागले, पुणे-मुंबईच्या ग्राहकाला. ग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतो ते या खात्रीचे, की दूध कुठून आले ते सांगता येते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे दोन हजार गाईंच्या भांडवलदाराचे कौतुक झाले, निरगुडसरच्या किंवा बेल्ह्याच्या तीन गाईवाल्याचे त्यात काय? आक्षेप गंभीर आहे आणि तो टोलवण्याचा माझा हेतू नाही. फिरता चौथरा तीन गाईंसाठी कोणी बसवणार नाही, बसवूही नये. पण मोठ्या गोठ्यात आकड्यांनी सिद्ध झालेल्या काही गोष्टी फुकटात खाली झिरपल्या. मुरघास ही त्यातली ठळक. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा काढून दाबून ठेवला, की उन्हाळ्यातही दूध तुटत नाही, हे आज गावातला कोणीही सांगेल. प्लॅस्टिकच्या बॅगेतही तो होतो. मुक्त संचार गोठा ही दुसरी. गाय दावणीला न बांधता तारेच्या कुंपणात मोकळी सोडायची, पाणी चोवीस तास पुढ्यात. खर्च कमी, शेण काढण्याचे कष्ट कमी, आणि माजावर आलेली गाय आपोआप लक्षात येते. चारा, पेंड आणि पाणी यांचा दुधाशी संबंध मोजून दाखवता आला म्हणून लोकांनी या गोष्टी स्वीकारल्या. तेव्हा यंत्र जरी मोठ्या गोठ्यातच राहिले, तरी यंत्रातून निघालेले ज्ञान लहान गोठ्यात आले. आले नाही ते वेगळेच. लहान गोठ्यातून निघणारे आकडे वर जातात, संगणकात साठतात, त्यांवर कोणत्या मार्गावर टँकर फिरवायचा, कुठे दर वाढवायचा, कुठे उतरवायचा, हे ठरते, आणि ज्याच्या गाईचे ते आकडे, त्याच्याजवळ दहा दिवसांच्या ‘पगाराची’, म्हणजे दुधाच्या बिलाची, चिठ्ठी उरते.

या असमतोलाचा स्फोट दराच्या प्रश्नावर होत आला आहे. १ जून २०१७ च्या शेतकरी संपात रस्त्यांवर दूध ओतले गेले. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या आंदोलनाने मुंबईचा दूधपुरवठा अडवला आणि सरकारला २५ रुपयांचा दर मान्य करावा लागला. जुलै २०२३ मध्ये शासनाने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये जाहीर केले. काही महिन्यांत पावडरचे भाव पडले आणि प्रत्यक्ष दर पंचवीस-सत्तावीसवर आला. मग जानेवारी २०२४ मध्ये सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदानाचा मार्ग काढला. अट अशी, की डेअरीने ठरलेल्या प्रतीच्या दुधाला किमान २७ रुपये शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करावेत, गाईच्या कानात बिल्ला असावा, तिची नोंद भारत पशुधन ॲपवर असावी आणि ती आधारशी व खात्याशी जुळलेली असावी. १ जुलैपासून ३० अधिक ५, आणि ऑक्टोबरपासून २८ अधिक ७ असे गणित बदलत गेले.

हा बिल्ला मुळात रोगनियंत्रणासाठी होता. लाळ-खुरकुताच्या राष्ट्रीय लसीकरण मोहिमेत २०१९ पासून त्याला वेग आला. पाच रुपयांनी मात्र काही आठवड्यांत ते घडवले, जे वर्षानुवर्षांच्या प्रचाराने घडले नव्हते. कोणत्या गोठ्यात किती गाई, त्यांतल्या दुभत्या किती, भाकड किती, कोणत्या डेअरीला किती दूध जाते, हे सगळे एका ठिकाणी येऊ लागले. कारखाना, संकलन केंद्र, पशुवैद्यकीय खाते आणि बँक हे चार वेगळे कप्पे गाईच्या कानातल्या आकड्याने एकत्र शिवले गेले. ज्यांच्या गाईंना बिल्ला नव्हता किंवा ज्यांचे नाव आधारवर एक आणि पासबुकात दुसरे होते, ते सुरुवातीला बाहेर राहिले. धार काढणारा हात बहुतेक घरांत बाईचा, खाते मात्र पुरुषाच्या नावे, हेही त्या याद्यांनी उघड्यावर आणले. आकडा जोडला गेला, की माणसाची खरी परिस्थिती त्यात दिसायला लागते, हा या योजनेचा न ठरवलेला फायदा.

दुसरा आक्षेप डेअरीवाल्यांचा, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. पूर्वी सचिवाच्या डोळ्यावर आणि नात्यागोत्यावर फॅट ठरत असे, आता यंत्र ठरवते. यंत्राला भाऊबंदकी नाही, मग तक्रार कसली? यात तथ्य आहे. कोणत्याही जुन्या सभासदाला वहीच्या दिवसांत परत जायचे नसते. पण यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ध्वनिलहरींच्या वेगावरून फॅट आणि एसएनएफ काढायचे, तर यंत्र आधी गर्बरने तपासलेल्या दुधावर जुळवून घ्यावे लागते, आणि ही जुळवणी ठरावीक दिवसांनी पुन्हा करावी लागते. नळीत दुधाचा थर बसला तरी वाचन सरकते. लॅक्टोमीटरवरून एसएनएफ काढण्याच्या सूत्रातही डिग्रीचा चौथा हिस्सा, फॅटचा ठरावीक अंश आणि शेवटी मिळवायचा एक स्थिर आकडा असतो, आणि तो स्थिर आकडा सगळीकडे एकच धरला जात नाही. सभासदाला चिठ्ठीवर ८.३ दिसते. ते कोणत्या सूत्राने आले, यंत्र शेवटचे कधी जुळवले, हे दिसत नाही. आणि प्रतीखाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला दर कापला जातो, तेव्हा एका पॉइंटचा फरकही महिन्याअखेर जाणवतो. दूध उत्पादकांच्या संघटना मिल्कोमीटर आणि काटे यांची स्वतंत्र तपासणी मागत आल्या आहेत, ती याचसाठी. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आपण गृहीत धरतो. भाव ठरवणाऱ्या दुसऱ्या यंत्रालाही तेवढीच कडक शिस्त लावायला हवी, हे म्हणणे कोणत्याही प्रामाणिक डेअरीला अडचणीचे वाटू नये.

जुन्नर तालुक्यातच दुसरे एक जाळे आहे, आणि ते आठवल्याशिवाय हा विषय माझ्या मनात पुरा होत नाही. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या काही मधोमध दाटीने आणि बाकीच्या तीन फाट्यांवर कित्येक किलोमीटर पसरलेल्या, सगळ्या प्रकाशतंतूंच्या तारांनी एका इमारतीला जोडलेल्या. एकटी तबकडी थोडेच पाहते. तिसांचे संकेत एकत्र जुळवले, की आकाशाचे नेमके चित्र उमटते. दुधाच्या जाळ्यातही हेच होते, एका गोठ्याच्या आकड्याला थोडा अर्थ आणि हजारो गोठ्यांच्या आकड्यांना मोठा. पण खोडदच्या जाळ्याचा नियम असा, की निरीक्षण करणाऱ्याची ठरावीक मुदत संपल्यावर ती माहिती अभ्यासकांसाठी खुली होते. आकाशातल्या दूरच्या दीर्घिकेची नोंद जगातल्या अभ्यासकाला मागता येते, आणि तिथून चार कोसांवरच्या गोठ्यातल्या गाईची पाच वर्षांची नोंद तिच्या मालकाला एका कागदावर सहज मिळत नाही, ही स्थिती स्वीकारण्यासारखी नाही.

मिळाली तर तो तिचे काय करणार, असे विचारणारे भेटतात. बरेच काही करेल. कोणती गाय खाते जास्त आणि देते कमी, हे वेताच्या हिशेबावरून कळेल आणि ती वेळेत विकता येईल. कोणत्या रेताची कालवड चांगली निघाली, ते पुढच्या वेळी मागता येईल. दहा दिवसांचे पगार सलग पाच वर्षे दाखवता आले, तर बँकेच्या दारात सात-बाऱ्याइतकाच तो पुरावा उभा राहील, आणि भूमिहीन घराला तर सात-बारा नसतोच. विमा उतरवलेली गाय मेली, तर तिची खरी किंमत मांडता येईल. आणि शेजारच्या गावात त्याच दिवशी त्याच प्रतीला काय दर पडला हे कळले, तर डेअरी बदलण्याची धमकी पोकळ राहणार नाही. गुजरातेत सोसायटीचा सभासद हा मालक असल्याने त्याचा आकडा निदान त्याच्या संस्थेत राहिला. इथे सहकार मागे पडत गेला आणि खासगी संकलन पुढे आले, म्हणून आकड्यावरचा हक्क वेगळा मागावा लागतो आहे.

हा हक्क मागायला कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. आंबेगाव-जुन्नरच्या दूध घालणाऱ्यांनी आपल्या केंद्रावर उद्या सकाळी तीन गोष्टी मागाव्यात. चिठ्ठीवर यंत्र शेवटचे जुळवल्याची तारीख छापावी. महिन्यातून एकदा सभासदांसमोर एकच नमुना मिल्कोमीटरवर आणि गर्बरच्या नळीत, दोन्हींत लावून दाखवावा. आणि आर्थिक वर्ष संपले, की ज्याच्या त्याच्या दुधाचा वर्षाचा उतारा, तारीखवार, फॅट-एसएनएफसह, ज्याच्या त्याच्या हातात द्यावा. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. सगळा हिशेब केंद्राच्या संगणकात आजच पडून आहे.